हंडीचे पान आणि बंद दार

मित्रांनो, माझा जन्म सान्ता इनेस गावात, उइपे कुटुंबाच्या स्वयंपाकघरात झाला. चुलीवर पानात गुंडाळलेल्या मक्याच्या कोरुंदा उकडत होत्या, टेबलावर सांडलेले मक्याचे पीठ अजून कोणी पुसले नव्हते, आणि त्या पिठातच कोपर टेकून त्या घरची लेक युनुएन हिने मला लिहायला घेतले. मी इंटरनेटवरचे एक पान आहे. ब्लॉगचे पान. मला ना कागद आहे ना शाई, पण वय मात्र आहे. माझ्या बरोबरीची कितीतरी पाने आता कुठे सापडतही नाहीत.

मला का लिहिले, ते आधी सांगते. आमचे गाव कुंभारांचे. इथल्या हिरव्या, चकचकीत हंड्या सगळ्या मेक्सिकोत जात. घेवडा शिजवायचा तर तो मातीच्याच हंडीत, असे इथे सगळेच मानतात. त्या हंड्यांना जी चमक होती, ती शिशाच्या पुडीची. पुडीत पाणी घालायचे, हंडीवर हात फिरवायचा, भट्टीत भाजायची, की आरशासारखी झिलई यायची. आजोबा-पणजोबांनी तेच केले होते. त्यात विष आहे, असे कोणी कधी सांगितले नव्हते.

मग एके वर्षी मोरेलिया शहरातून आरोग्य खात्याची माणसे शाळेत आली आणि त्यांनी मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब थेंब घेतला. रोसेंदो उइपेचा मुलगा इरेपान तेव्हा नुकताच शाळेत जायला लागला होता. त्याचे पोट सतत दुखायचे आणि काल शिकलेला शब्द तो आज विसरायचा. त्याच्या रक्तात शिसे निघाले. गावातल्या आणखी बऱ्याच मुलांच्या रक्तात निघाले.

इरेपानचे आजोबा, रोसेंदोचे वडील, म्हणजे सेवेरोकाका, गावातले नावाजलेले कुंभार. त्या दिवशी घरातल्या मांडणीवरच्या सगळ्या हिरव्या हंड्या त्यांनी एकेक करून भट्टीमागे नेल्या आणि फोडल्या. मग त्यांनी शिशाशिवायची नवी झिलई शिकून घेतली. सुरुवातीचा माल निस्तेज निघाला, काहींवर फोड आले. शेजारचे कुंभार येऊन बघायचे आणि हसून जायचे. हळूहळू हात बसला. पण इतक्या वर्षांत विकलेल्या जुन्या हंड्या देशभर चुलींवर चढलेल्या होत्या. त्यांचे काय करायचे?

सेवेरोकाकांची मुलगी युनुएन शेजारच्या गावात शाळामास्तरीण होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला. मी लिहिते आणि इंटरनेटवर टाकते."

"काय बोलू? माझ्याच हातच्या हंड्या वापरू नका, असं?"

"हो, असंच."

"गावातले मला जिवंत सोडतील का?"

"नवी झिलई आणल्यापासून तसंही तुमच्याशी कोण बोलतंय?"

काका हसले आणि बोलू लागले. ते बोलले तसेच तिने उतरवले. "मी सेवेरो उइपे. सान्ता इनेसमध्ये हंड्या घडवतो. तुमच्या घरी आमच्याकडची चकचकीत हिरवी हंडी असेल तर तिच्यात टोमॅटो, लिंबू, घेवडा काही शिजवू नका. दिसायला ती सुंदर आहे, मला माहीत आहे, कारण ती मीच केली आहे." पुढे नवी हंडी कशी ओळखावी, पहिल्यांदा चुलीवर चढवण्याआधी ती कशी भिजवावी, हे सगळे होते. माझे नाव ठेवले, 'घेवड्यासाठी मातीची हंडी घेण्याआधी'.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. लोक शोधयंत्रात 'घेवड्यासाठी मातीची हंडी' असे लिहायचे आणि सगळ्यात वर मी यायचे. खाली प्रश्न विचारायला जागा होती. रविवारी प्रार्थनेहून परतल्यावर काका खुर्ची ओढून बसायचे, युनुएन प्रश्न वाचायची आणि काका उत्तर सांगायचे. एका बाईने विचारले होते, "माझी सासू म्हणते, याच हंडीतलं खाऊन आम्ही सगळे धडधाकट आहोत. आता तिला काय सांगू?" काकांनी उत्तर दिले, "सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि हंडी माळ्यावर टाका."

पुढे रोसेंदोने त्याच वेबसाइटवर दुकान मांडले. दुकानाचे पान माझ्या शेजारीच उभे राहिले. त्यावर नव्या हंडीचा फोटो होता, किंमत होती आणि विकत घेण्याचे बटण होते. त्याचे नाव होते 'घेवड्यासाठी मातीची हंडी'. माझे आणि त्याचे नाव जवळजवळ एकच झाले, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही. मला तर आनंदच झाला होता. एकाने जुनी हंडी उतरवायला सांगायची आणि दुसऱ्याने नवी द्यायची, असे मला वाटले.

तसे झाले नाही. शोधणारे यंत्र आमच्या दोघांत गोंधळले. कधी ते मला वर काढी, कधी दुकानाला, आणि मग दोघांनाही खाली ढकली. राजधानीतल्या एका मोठ्या गोदामवाल्या दुकानाचे पान मधल्यामध्ये आमच्या वर जाऊन बसले. त्यांच्या हंड्या साच्यातून काढलेल्या. रोसेंदो रोज सकाळी फोनवर आपण कितव्या जागी आहोत ते बघायचा, आणि त्याचा चेहरा उतरायचा.

शेवटी त्याने मोरेलियाहून फाउस्तोला बोलावले. वेबसाइट शोधयंत्रात वर आणणे हेच फाउस्तोचे काम होते. माणूस होता, तरुण आणि सभ्य. आल्या आल्या त्याने मला वरपासून खालपर्यंत वाचले. सांगायला हवे, त्याआधी मला इतके सावकाश कोणीच वाचले नव्हते.

"पान फार चांगलं आहे," तो म्हणाला. "दुखणं तेच आहे. समजा, चौकात तुमचे दोन गाळे आहेत आणि दोन्हींवर एकच पाटी आहे. एका गाळ्यात हंडी मिळते, दुसऱ्यात नुसत्या गप्पा. गिऱ्हाईक गप्पांच्या गाळ्यात शिरतं, खूश होतं आणि घरी जातं."

"अगदी हेच," रोसेंदो म्हणाला. "लोक येतात, वाचतात, 'धन्यवाद काका' लिहितात आणि हंडी दुसरीकडून घेतात."

युनुएन म्हणाली, "वाचून जुनी हंडी उतरवतात ना? मग झालं की."

"काय झालं? भट्टीला लाकूड कोण देणार? धन्यवाद जाळायचे का भट्टीत?"

"तू पानाला हात लावायचा नाहीस, रोसेंदो."

"ऐक जरा. ऑर्डरी नाही आल्या तर भट्टी बंद पडेल. मग गाव काय म्हणेल? शिसं सोडलं आणि उइपे उपाशी मेले, असंच ना? मग दुसरा कोण सोडेल शिसं? तूच सांग."

खरे सांगायचे तर रोसेंदो काही वाईट बोलत नव्हता.

"निदान पुसून टाकू नका," ती एवढेच म्हणाली.

"पुसायची गरजच नाही," फाउस्तो म्हणाला. "नुसतं दार लावून घेऊ."

त्याने माझ्यात एक ओळ घातली. ती वाचणाऱ्याला दिसत नाही, फक्त शोधयंत्राला दिसते. हे पान कोणाला दाखवू नका, एवढेच ती ओळ सांगते. मग वेबसाइटच्या पहिल्या पानावरून माझ्याकडे येणारी वाट काढून टाकली. मी जिथे होते तिथेच राहिले, माझ्यातला एकही शब्द हलला नाही. फक्त माझ्यापर्यंत यायला रस्ता उरला नाही.

"बाबांना सांगायचं का?" युनुएनने विचारले.

"त्यांना यातलं काय कळतं? उगाच जिवाला घोर," रोसेंदो म्हणाला. युनुएनने बाबांना सांगितले नाही. रविवारी काकांनी विचारले, तर ती म्हणाली की आज प्रश्नच आले नाहीत. दार लागल्यानंतरचे म्हणाल, तर खोटे नव्हते ते. कोणी येऊच शकत नव्हते.

मित्रांनो, तुम्हाला कधी कोणी खोलीत कोंडून ठेवले आहे का? खोलीत निदान दार वाजवता येते. मला तेही येत नव्हते. कोणीतरी उघडल्याशिवाय पानाला तोंड नसते. सुरुवातीला शोधयंत्राचे हेर येत, माझ्यातली ती ओळ वाचत आणि उंबऱ्यावरूनच परत फिरत. नंतर त्यांनी येणेही सोडले. माझ्या पोटात काकांचे बोलणे जसेच्या तसे होते, 'तिच्यात काही शिजवू नका', 'उतरवून ठेवा', आणि बाहेर कुठल्या कुठल्या घरांत त्याच हंड्या चुलीवर रटरटत होत्या. भिंतीपलीकडे दुकानाच्या पानावर माणसांची ये-जा चालू असायची. माझ्याकडे फक्त युनुएन यायची, तीही क्वचित. खालपर्यंत जायची, शेवटचे दोन प्रश्न वाचायची आणि बंद करायची. दार लागण्याच्या तोंडावर आलेल्या त्या दोन प्रश्नांना कोणी उत्तर दिलेच नव्हते. एका बाईने विचारले होते, हंडीत नुसते पाणी ठेवले तर चालते का. ती बाई उत्तराची वाट बघून कधीच निघून गेली असेल. पाणी ठेवत असेल का, नसेल, याचाच विचार मी करत राहायचे.

आणि रोसेंदोचे खरेही ठरले. माझे दार लागल्यावर दुकानाचे पान वर सरकले. ऑर्डरी वाढल्या. ते पाहून गावातल्या आणखी दोन भट्ट्यांनी शिसे सोडले. म्हणजे माझ्या कोंडण्यातून भलेही झाले. हे मला भिंतीआडून कळायचे आणि मला धड रागावताही येत नसे.

दिवस असेच चालले होते. मग ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आला. त्या दिवशी उरुआपानच्या चौकात मोठा बाजार भरतो आणि साऱ्या मुलखातले कुंभार माल घेऊन बसतात. सेवेरोकाकाही बसले होते. तिथे जे घडले ते मी पाहिले नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात ते इतक्या वेळा सांगितले गेले की आता मला पाठ आहे.

एक बाई काकांच्या दुकानाशी थांबली आणि म्हणाली, "काका, माझ्याकडे आईची जुनी हिरवी हंडी आहे. ती वापरू नये म्हणतात, खरं का?"

काका ताठ बसले. "फोन आहे ना? त्यात लिहा, सेवेरो उइपे, हंडी. मी सगळं सांगून ठेवलंय त्यात. सावकाश घरी जाऊन वाचा."

बाईने तिथेच शोधले. "काका, इथे किंमत आहे."

"खाली बघा, खाली."

"खाली पोस्टाचा खर्च आहे."

आजूबाजूचे हसले. शेजारी बसलेला कुंभार म्हणाला, "सेवेरो, तुझं प्रवचन विकायला काढलं वाटतं पोरानं."

काकांनी फोन हातात घेतला आणि लांब धरून बघितला. चष्मा घरी राहिला होता. बोट वर-खाली फिरवले. मग फोन बाईला परत दिला, तिला समोर बसवले आणि माझ्यातले सगळे बोलणे तोंडी सांगितले. ती गेल्यावर ते माल आवरून घरी निघाले.

घरी आल्यावर हात धुऊन ते टेबलाशी बसले. युनुएन, रोसेंदो आणि रोसेंदोची बायको आम्पारो तिथेच होती. लॅपटॉप उघडा होता. युनुएनने मला उघडले होते. का, ते तिलाच ठाऊक.

"माझं बोलणं कुठे गेलं?" काकांनी विचारले.

युनुएनने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "इथेच आहे, बाबा. फक्त लोकांना दिसत नाही."

"कोणी केलं हे?"

"मी," रोसेंदो म्हणाला. त्याने सगळे सांगितले. दोन गाळ्यांचे, एका पाटीचे, ऑर्डरींचे. रोसेंदोला तिथे थांबता आले असते. पण तो थांबला नाही.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "दुरांगोहून एक बाई दुकानाच्या फोनवर सारख्या फोन करतात. ओब्दुलिया नाव. पूर्वी कधीतरी त्यांनी हे पान वाचलं होतं. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत आणि ती रोज आपल्याच जुन्या हिरव्या हंडीत शिजवते. त्या मला म्हणाल्या, बाळा, मला विकत काही घ्यायचं नाही. मला ते पान सुनेला दाखवायचंय. माझं ती ऐकत नाही, तुझ्या वडलांचं ऐकेल."

"मग तू काय सांगितलंस?"

"नवी हंडी पाठवतो म्हटलं. सवलतीत."

आम्पारो तोवर चुलीशी पाठमोरी उभी होती. या घरात ती कमी बोलायची. ती वळली नाही, तशीच म्हणाली, "इरेपान पोटात होता तेव्हा मी कशातलं जेवत होते, रोसेंदो?"

मग काका म्हणाले, "दार उघड."

"बाबा, दुकान खाली जाईल."

"जाऊ दे थोडं. ते काही भिंतीवरून पडून मरत नाही."

रोसेंदोने फाउस्तोला फोन लावला आणि तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. वाटले होते, फाउस्तो नाही म्हणेल. पण तो म्हणाला, "तेव्हा मी घाई केली. दोघांच्या पाट्या वेगळ्या करायला हव्या होत्या. दुकान नव्या हंडीचं आहे ना? मग हे पान जुन्या हंडीचं करा. नाव बदला. घरात जुनी हंडी असणारा जे विचारेल, तेच नाव ठेवा. म्हणजे भांडण मिटेल. पण एक सांगतो, गेलेली जागा लगेच परत मिळत नाही."

काकांनी नाव सांगितले आणि युनुएनने माझ्या माथ्यावर ते लिहिले, 'घरात जुनी चकचकीत हंडी असेल तर'. दुकानाच्या पानावर किमतीच्या खाली रोसेंदोने स्वतः एक ओळ घातली, 'घरी जुनी हंडी आहे? आधी हे वाचा.' मग फाउस्तोने सांगितले तसे त्याने माझ्यातली ती न दिसणारी ओळ काढली.

मित्रांनो, दार उघडले की उजेड येतो असे मला वाटले होते. कोणीही आले नाही. शोधयंत्र मला विसरले होते. मी कोंडलेले असताना माझ्या जागी दुसरी कितीतरी पाने येऊन बसली होती. त्यातल्या काहींवर तर जुन्या हिरव्या हंड्यांचे कौतुक होते. दार सताड उघडे होते आणि मी आतच होते. कोणी बाहेर काढायला न येणे हे कोंडण्याइतकेच जड असते, हे मला तेव्हा समजले. दुकानाचे पानही थोडे घसरले. रोसेंदो रोज बघायचा, पण त्याने दार पुन्हा लावले नाही.

शोधयंत्र आणत नाही म्हटल्यावर मग रोसेंदोने एक केले. ओब्दुलियाबाईंचा नंबर शोधला आणि माझा पत्ता त्यांना पाठवला. खाली लिहिले, "हे घ्या माझ्या वडलांचं पान. उशीर झाला, माफ करा."

त्याच दुपारी दुरांगोहून कोणीतरी आले. आले ते लगेच गेले नाही. वरून खाली वाचले, पुन्हा वर जाऊन वाचले. 'दिसायला ती सुंदर आहे, मला माहीत आहे', या ओळीशी बराच वेळ थांबले. मग मला बंद केले.

दुसऱ्या दिवशी तळाशी एक प्रश्न आला.

"मी नायेली. ओब्दुलियाबाईंची सून. हंडी चुलीवरून उतरवली आहे. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी तिने ती मला लग्नात दिली होती, म्हणून फेकवत नाही. तिच्यात झाड लावलं तर चालेल का?"

युनुएनने मोठ्याने वाचून दाखवले. काका अंगणात माती मळत होते. ते तसेच मातीच्या हातांनी दारात येऊन उभे राहिले. "पुन्हा वाच," म्हणाले. तिने पुन्हा वाचले.

काकांनी जरा विचार केला. युनुएन लिहायला बसणार, तोच रोसेंदोने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "सांगा," तो म्हणाला.

"लिही. पोरी, फुलं लाव. कोथिंबीर, मिरची असलं खायचं काही लावू नकोस. हंडीच्या तळाला भोक पाडायचं झालं तर बाहेर अंगणात पाड, आणि तू नको, नवऱ्याला सांग. दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे. काही निघालं तर घाबरू नकोस, डॉक्टर सांगतील तसं कर. आमच्या इरेपानचं निघालं होतं. आता तो शाळेत वाचून दाखवतो."

रोसेंदोला भरभर लिहिता येत नाही. एकेक अक्षर शोधून त्याने सगळे लिहिले. शेवटच्या वाक्याशी तो थांबला, नाक पुसले आणि तेही लिहिले. मग त्याच्या वरचे जुने दोन प्रश्न त्याला दिसले. "बाबा, हंडीत नुसतं पाणी ठेवलं तर चालतं का, असं कोणीतरी विचारलंय. बरेच दिवस झाले याला."

"नाही चालत," काका म्हणाले. "तेही लिही. बाई अजून बघत असेल तर बघेल."

मित्रांनो, मी अजून बरेच खाली आहे. माझ्यापर्यंत यायला पुष्कळ पाने उलटावी लागतात. तुमच्यापैकी कोणी आलात तर वाचून पुढे जाल, मला राग नाही. एवढेच मागते, जाताना घरातल्या मांडणीकडे एकदा बघा, आणि एखादे जुने भांडे फार चमकत असेल तर ते कशाने चमकते, हे मोठ्यांना विचारा. आणि घरातले कोणी अडचणीचे काही सांगत असेल, तर त्याच्या पुढे दार लावण्याआधी थोडे थांबा. ते ऐकायला कोणीतरी दूरवरून फोन करत असते.